भुशावरचं गाव

गावाआधी भोंगा आला.
भोंग्याआधी बांध, बांधाआधी हिशेबाची वही,
आणि वहीच्याही आधी नदी,
जिचं नाव मोजणीदाराला लिहिता येईना.
काठावर मासे वाळत घालणाऱ्या म्हातारीनं
ते तीनदा उच्चारून दाखवलं, चौथ्यांदा नुसतीच हसली.
त्यानं नकाशावर लिहिलं: ओढा क्रमांक चार.

ओढा म्हणे!
मे महिन्यात बर्फ फुटलं की
तिच्यातून अख्खं अरण्य वाहत यायचं,
आडवं पडलेलं, थंडगार,
प्रत्येक ओंडक्याच्या बुडाशी मालकाचा शिक्का ठोकलेला.

मालक स्कॉटलंडचा. आर्चिबाल्ड मॅकवॉटर्स.
इथे दोनदाच आला:
एकदा बांध बघायला,
एकदा जळालेली गिरणी बघायला.
तरी गावाचं नाव मॅकवॉटर्स मिल्स.

सगळी दलदल होती.
करवतीखाली पडणारा पाइनचा भुसा
ढकलगाड्यांनी आणून आणून त्यांनी ती बुजवली.
भुशावर फळ्या, फळ्यांवर घरं.
अजून एप्रिलात आमच्या रस्त्यानं ट्रक गेला
की कपाटातल्या बश्या किणकिणतात.
पाहुणे दचकतात.
आम्ही चहा ओतत राहतो.

उरलेला भुसा नदीत.
तिसऱ्या वर्षी स्टर्जन मासा यायचा थांबला,
माशामागून म्हातारीची माणसं वरच्या अंगाला सरकली.
वहीत त्याची नोंद नाही.
त्यांची उधारी नव्हती.

बाकीच्यांची होती. पगार शनिवारी,
पितळी बिल्ल्यांत, कंपनीच्याच दुकानात चालणाऱ्या.
पीठ, खारवलेलं डुक्कर, काकवी, मेणबत्त्या.
युफेमिया गेडेस या विधवेचा हिशेब अकरा पानं चालतो,
बाराव्यावर आडवी रेघ, आणि ‘गेली’.
कुठे, ते नाही.
कारकुनाचं अक्षर मात्र मोत्यासारखं.

त्याच अक्षरात
ओनेझिम गोव्ह्रो, बारा नोव्हेंबर:
हात डावा, बोटं दोन.
दुपारनंतर गैरहजर, अर्धा रोज कापला.

फिलोमेन, त्याची बायको, गिरणीत गेली
आणि भुशात चाचपडून ती बोटं शोधून काढली.
तंबाखूच्या डब्यात घालून घरी आणली.
शेजारीण म्हणाली, टाक की नदीत.
ही म्हणाली, बाप्तिस्मा झालेली आहेत, कशी टाकू?
पाद्री तेव्हा होडीनं यायचा, महिन्यातून एकदा,
नदी गोठली की तेही नाही.
तिनं टेकडीवर चूल पेटवावी तशी शेकोटी पेटवली,
जमीन मऊ होईतो बसून राहिली,
मग हातभर खणलं.

गावातलं हे पहिलं दफन.
चर्च चार वर्षांनी आलं,
कबरस्तान होतं तिथेच, त्याच्या शेजारी.

सहाव्या वसंतात ओंडक्यांची कोंडी फोडताना
ओनेझिम त्यांच्याखाली गेला.
टोपी सापडली.
पुढे तीन आठवडे लोक काठानं बांबूसारख्या लांब काठ्या घेऊन हिंडले,
मग भोंगा झाला आणि कामावर गेले.
फिलोमेननं दगड घडवून घेतला, तीन हप्त्यांत,
पूर्ण नाव, दोन्ही तारखा,
आणि त्या हातभर जागेवर उभा केला.

गिरणी दोनदा जळली, एकदा विकली गेली,
शेवटी तिचं लोखंडही भंगारवाल्यानं नेलं.
टेकडी आहे.
तिथलं गवत चौदा उन्हाळे मी कापते.
सहा-सहा फुटांच्या रांगेत ही एवढीशी;
यंत्र न वळवताच पुढे जाता येतं,
तरी मी वळवते.

शाळेची मुलं येतात जूनमध्ये.
एखादं विचारतं, इथे बाळ आहे का?
नाही रे, मी म्हणते,
मोठा माणूस आहे.
जेवढा सापडला तेवढा.